घरी ब्रेड शिकताय? सोडा ब्रेड, पिटा, फोकाच्चा, याच क्रमाने

ब्रेड शिकायला निघालेले बरेच जण पहिल्याच दिवशी सावरडोच्या, म्हणजे घरी आंबवलेल्या खमिराच्या ब्रेडच्या, मागे लागतात. आठवडाभर बरणीतलं खमीर जपायचं, त्यातून एक दगड भाजून काढायचा, की उत्साह संपला. माझा क्रम उलटा आहे. आधी आयर्लंडचा सोडा ब्रेड, कारण त्यात यीस्टच नाही. मग पूर्व भूमध्य प्रदेशातला पिटा, तिथे सगळं काम आचेचं. शेवटी इटलीतल्या लिगुरियाचा फोकाच्चा, ऑलिव्ह तेलातला चपटा ब्रेड, त्याची मदार वेळेवर.

आधी एक वजनकाटा मात्र घ्या. कपात मैदा अलगद भरला तर १२० ग्रॅम होतो, दाबून भरला तर दीडशे. मग पीठ घट्ट झालं की दोष यीस्टला.

सोडा ब्रेड

आयर्लंडचा गहू मऊ, कमी ग्लूटेनचा (ग्लूटेन म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन), यीस्टच्या ब्रेडला फारसा न मानवणारा. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा तिथे पोचला आणि घरोघरच्या ताकाशी त्याचं जमलं.

ओव्हन २२० अंश सेल्सिअसला तापत ठेवा. ४५० ग्रॅम मैदा, एक छोटा सपाट चमचा सोडा आणि तेवढंच मीठ एकत्र चाळा. मध्ये खळगा करून ३५० मिलिलिटर दाट, आंबट ताक ओता. बोटं पंज्यासारखी पसरून गोल फिरवा आणि पीठ जेमतेम गोळा झालं की थांबा. मळू नका. ताकातलं आम्ल सोड्याला भेटताक्षणी वायू सुटू लागतो. तुम्ही मळत बसलात तर तो ओव्हनच्या बाहेरच निघून जातो, वर ब्रेड चिवट होतो.

गोळा दोन इंच जाडीचा थापा आणि सुरीने वर खोल फुली मारा. या फुलीतून पऱ्या बाहेर पडतात असं आयरिश लोक सांगतात. त्यांचं त्या बघून घेतील, पण मधल्या जाड भागापर्यंत आच पोचते हे नक्की. १५ मिनिटांनी ओव्हन २०० अंशांवर आणून आणखी २५ ते ३० मिनिटं भाजा. उलटा करून बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यायला हवा. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी तो फक्त टोस्टच्या कामाचा.

पिटा

३०० ग्रॅम मैदा, १९० मिलिलिटर कोमट पाणी, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, चमचाभर ऑलिव्ह तेल. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा, सहा गोळे करा. दहा मिनिटांनी ते अर्धा सेंटिमीटर जाडीचे लाटा.

ओव्हन जितका तापेल तितका, निदान २५० अंश, आणि जाड ट्रे अर्धा तास आतच तापलेला. पिटा त्या तापल्या ट्रेवर टाका. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो. तीन-चार मिनिटांत टम्म. लाटताना कुठे घडी पडली किंवा कड पातळ झाली तर वाफ तिथूनच पळते. माझी पहिली खेप मी स्वतःच बिघडवली: फुगतायत का हे बघायला दर मिनिटाला दार उघडत होते. सहापैकी एक फुगला. बाकीचेही खाल्लेच म्हणा.

फोकाच्चा

याला घाई चालत नाही. आदल्या रात्री सुरुवात करा.

१. ५०० ग्रॅम मैदा, ३७५ मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट चमच्याने कालवा. पीठ सैल, चिकट दिसेल. इथे मूठभर मैदा वाढवायचा मोह होतो आणि तिथेच फोकाच्चाचा पाव होतो. हात ओला करा, पिठाला मैदा लावू नका.

२. दर अर्ध्या तासाने, असं तीनदा, ओल्या हाताने पिठाची एकेक बाजू ओढून मधोमध दुमडा. तिसऱ्या वेळी त्याच चिकट लगद्याला तकाकी आलेली दिसेल. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

३. सकाळी ट्रेमध्ये तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल ओतून पीठ त्यात अलगद पालथं करा. दोन तास ठेवा. गारठा असेल तर तीन. घड्याळापेक्षा ट्रे हलवून बघा: पीठ जेलीसारखं थरथरलं की तयार.

४. आता लिगुरियातल्या जिनोआ शहराची खरी खूण, सालामोया, म्हणजे तेल घातलेलं मिठाचं पाणी. ६० मिलिलिटर कोमट पाणी, ३० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि ५ ग्रॅम मीठ फेटून सगळं पिठावर ओता. मग दहाही बोटं थेट बुडापर्यंत रोवा. पहिल्यांदा वाटतं, हे काय, सगळं पाण्यात घातलं! पण ते पाणी खळग्यांत साचून राहतं. कडा तांबूस होतात, खळगे मात्र पांढरे, ओलसर, खारट राहतात.

५. २३० अंशांवर २० ते २५ मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर जाळीवर ठेवा, नाहीतर बुड ओलं पडतं.

जिनोआत सकाळी याचा तुकडा कॅपुचिनोत बुडवून खातात. खारट ब्रेड आणि कॉफी म्हटल्यावर मीही नाक मुरडलं होतं. आता पहिला तुकडा कपातच जातो.