खाजनाचा आराखडा करताय? या चुका टाळा

बांध दर एक-दोन पावसाळ्यांनी त्याच जागी फुटत असेल, तर मातीचा नमुना घेण्याआधी मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) पावणी, म्हणजे तिथे मासे धरायचा लिलावातला हक्क, कुणी घेतली आहे ते विचारा. मी बरीच वर्षे आधी मातीच बघायचो.

खाजन म्हणजे गोव्यातली, बांध घालून खाडीकडून मिळवलेली, भरतीच्या पातळीखालची शेती. भरतीचे पाणी चढले की मानशीची दारे त्याच्याच रेट्याने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. ही करामत बघून आपण भुलतो आणि दाराचे चित्र काढत बसतो. दारावर हक्क कुणाचा, ते राहूनच जाते. भात पिकवणाऱ्याला खारे पाणी बाहेर हवे. मानशीवर जाळे लावणाऱ्याला ते थोडे आत आले तर बरेच. पूर्वी हा तंटा कोमुनिदाद, म्हणजे गावची गावकरी संस्था, सोडवायची.

महागात पडते ती दुसरी चूक: कुणाच्या हातात काय आहे, याचा तक्ता एकदाच भरून फाइलला लावणे. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी दिली आणि बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे गेली. दार तेच, धनी बदलले. पुढे अनेक गावांत शेते पडीक राहिली, तेव्हा भातापेक्षा मासळीच्या पावणीचा पैसा जड झाला. संघात बसणारा कुळाचा मुलगा चिखलात उतरलेलाच नसतो, मग फुटलेल्या बांधाची घाई त्याला कशाला? पाणी आत राहते, खारफुटी उगवते. तिला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे आता वन खात्याला विचारल्याशिवाय शेत परत मिळत नाही. माझ्या एका तक्त्यात त्या खात्याचे नावच नव्हते! नियोजनाचे अभ्यासक होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये लिहिले होते की अशा गुंतागुंतीच्या सामाजिक प्रश्नांत करून बघू म्हणायची सोय नसते, प्रत्येक उपाय मागे खूण ठेवतो. खाजनात काही न करण्याचीही खूण राहते, आणि तिला मुळे फुटतात.

सभेत माना डोलल्या म्हणून संमती धरू नका. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत नुसता सल्ला विचारणे चौथ्या पायरीवर आहे, सत्तेत वाटा सहावीपासून. लावणी करणाऱ्या बायका सभेला नसतील, तर त्यांना बांधावर जाऊन विचारा.

दुरुस्ती काय करायची? पावणीच्या कागदातच लिहून घ्या: रकमेतला किती हिस्सा बांधाला, दाराच्या फळ्या कुणी कधी काढायच्या, आणि नव्या पावणीआधी हे सगळे नियम पुन्हा सभेपुढे ठेवायचे. तक्ताही त्याच दिवशी नव्याने भरायचा, पेन्सिलने.