‘पुरेसं झालं’ कधी म्हणायचं? परफेक्शनचा हट्ट सोडण्याची कृती

चार ओळींचा ईमेल सात वेळा वाचायचा, ‘नमस्कार’नंतर स्वल्पविराम हवा की नको यावर पाच मिनिटं घालवायची आणि पाठवल्यावर ‘सेंट’मध्ये जाऊन पुन्हा वाचायचा. ही सवय ‘जरा कमी मनावर घे’ असं सांगून सुटत नाही. काटेकोर माणसाला असं सांगितलं की तो मनावर न घेण्यातही शंभरपैकी शंभर मिळवायला जातो. हट्ट सैल होतो तो काम सुरू होण्याआधी घेतलेल्या काही बारीक निर्णयांनी आणि मुद्दाम केलेल्या छोट्या सरावांनी. दोन्हींना मिळून साधारण चार आठवडे धरा.

आधी एक फरक बघून घ्या. नीटनेटकं काम करणारा माणूस काम संपल्यावर खूश होतो. हट्टी माणसाला फक्त सुटल्यासारखं वाटतं, तेही तासाभरापुरतं. शाफ्रान, कूपर आणि फेअरबर्न या संशोधकांनी 2002मध्ये या चक्राची नेमकी मांडणी केली: स्वतःची किंमत एकाच खुंटीला टांगलेली, ती म्हणजे कामगिरी. जमलं नाही तर ‘मी नालायक’. जमलं तर ‘म्हणजे ते सोपंच होतं’, आणि पट्टी आणखी वर. दोन्ही बाजूंनी हारच असल्यामुळे जास्त मेहनत घेऊन यातून बाहेर पडता येत नाही.

पहिला आठवडा: फक्त नोंद

काहीही बदलू नका. रोजच्या पाच-सहा कामांपुढे तीन गोष्टी लिहा: किती वेळ लागेल असं वाटलं, किती लागला, आणि ‘इथे थांबलो असतो तरी चाललं असतं’ असा क्षण कधी आला. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो क्षण आपल्याला कळलेला असतो, आपण फक्त त्याच्या पुढे निघून जातो.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे नोंदवहीच देखणी व्हायला लागते. रंगीत पेनं, आखलेले रकाने, खाडाखोड झालेलं पान फाडून पुन्हा लिहिणं. म्हणून पाठकोऱ्या कागदावर एकाच पेनने लिहा. सातपैकी चार दिवसांची नोंद झाली तरी पुढच्या कामाला ती पुरते.

कामांचे तीन ढीग

नोंद झाली की कामं वाटा. पहिल्या ढिगात चूक महाग पडणारी कामं: औषधाचा डोस, पैशांचे आकडे, करारातली नावं आणि तारखा, कुणाच्या जिवाशी किंवा सुरक्षेशी संबंध असलेलं काहीही. दुसऱ्यात बरोबर आणि स्वच्छ असलं की पुरे अशी कामं. तिसऱ्यात नुसती झाली की संपली अशी.

सुरुवातीला सगळं पहिल्याच ढिगात जाऊन पडतं. मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: यातली चूक उद्या सापडली, तर दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि नुकसान कुणाचं होईल? दहा मिनिटांत निस्तरण्यासारखी असेल तर काम तिसऱ्या ढिगातलं. दहा कामांपैकी दोनापेक्षा जास्त पहिल्या ढिगात राहिली, तर पुन्हा वाटणी करा (शस्त्रक्रिया करणारे किंवा विमान चालवणारे असाल, तर गोष्ट वेगळी). एकाच कामाचेही भाग पाडता येतात. अहवालातले आकडे पहिल्या ढिगात, मजकूर दुसऱ्यात आणि मथळ्याचा रंग तिसऱ्यात. आकडे दोनदा तपासा, मजकूर एकदा वाचा, रंग पहिला दिसेल तो घ्या.

थांबण्याची रेषा आधी आखा

हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने 1956मध्ये मांडलेली कल्पना इथे कामाला येते. सर्वोत्तम पर्याय शोधत बसण्याऐवजी आधी गरजेची पातळी ठरवायची आणि तिच्यात बसणारा पहिला पर्याय उचलायचा. त्यासाठी काम हातात घेण्याआधी तीन ओळी लिहा: यात काय असेल, काय नसेल आणि कधी थांबायचं. उदाहरणार्थ, सादरीकरण: आठ स्लाइड, प्रत्येकीवर एकच मुद्दा, अॅनिमेशन नाही, चौथा तक्ता नाही, गुरुवारी संध्याकाळी पाचला बंद. खरेदीसाठी: तीन अटी, जास्तीत जास्त पाच पर्याय, चाळीस मिनिटं. अटींत बसणारं पहिलं मिळालं की घ्यायचं, आणि घेतल्यावर तुलना बंद.

दुसरी ओळ बहुतेक जण गाळतात, आणि तीच खरी कामाची. ‘काय नसेल’ हे लिहिलेलं नसलं की रात्री अकरा वाजता चौथा तक्ता फार गरजेचा वाटायला लागतो. रेषा आधीच आखायचं कारणही हेच. काम करता करता नजर तयार होत जाते, एक दोष काढला की त्याच्या शेजारचा दिसू लागतो. त्या अवस्थेत ‘पुरेसं’ ठरवायला बसलं, तर ते कधीच येत नाही.

खरडणं वेगळं, सुधारणं वेगळं

एका तासाचं लिखाण असेल तर अशी वाटणी करून बघा: 10 मिनिटं सांगाडा, 30 मिनिटं कच्चा मजकूर, 15 मिनिटं सुधारणा, शेवटची 5 तपासणीला. त्या तीस मिनिटांत मागे जाऊन एकही शब्द बदलायचा नाही. शब्द सुचला नाही तर फुली मारून पुढे जा. खरडताना सुधारत राहिलं की पहिला परिच्छेद झकास होतो आणि उरलेले चार घाईत उरकले जातात. हट्टी माणसाच्या कामात हा असमतोल पहिल्या नजरेत दिसतो.

वेळेचा अंदाज मात्र मनाने बांधू नका. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979मध्ये मांडलं की मागच्या वेळी जास्त वेळ लागला होता हे ठाऊक असूनही माणूस पुन्हा कमीच अंदाज करतो. पहिल्या आठवड्याची नोंद काढा. तासाचं काम दीड तासात झालं असेल, तर पुढच्या सगळ्या अंदाजांना दीडने गुणा. सावकाश काम करणं म्हणजे मुख्यतः एवढंच. उशिरा सुरुवात आणि शेवटी हातघाई ही हट्टाचीच दोन टोकं आहेत, आणि दोन्ही टोकांना वेळ कागदावरच कमी धरलेला असतो.

चूक राहू देण्याचा सराव

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा भाग हा. एक शिडी बनवा: आठ-दहा छोट्या ‘अपूर्ण’ गोष्टी, प्रत्येकीपुढे 0 ते 100पैकी किती अस्वस्थ वाटेल तो आकडा. मित्राला न वाचता मेसेज पाठवणं कदाचित 25. पाहुणे येण्याआधी एक खोली न आवरणं 45. बैठकीत अर्धवट सुचलेली कल्पना बोलून टाकणं 60. सुरुवात 30च्या आसपासच्या पायरीने करा, तीही पहिल्या ढिगातल्या कामाला हात न लावता.

करण्याआधी भीती नेमक्या शब्दांत लिहा. ‘वाईट होईल’ हे चालत नाही, कारण ते तपासता येत नाही. ‘उद्यापर्यंत कुणीतरी ती चूक दाखवेल, याची मला 80 टक्के खात्री आहे’ हे चालतं. चोवीस तासांनी कागद उघडून काय झालं ते शेजारी लिहा. अस्वस्थतेचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी तीन-चार वेळा करा, मग वरची.

सराव फुकट जातो तो बहुधा एकाच कारणाने: आधीच माफी मागून ठेवणं. ‘घाईत लिहिलंय हं, चुका असतील’ असं जोडलं की काही विपरीत न घडल्याचं श्रेय मन त्या माफीला देतं, आणि भीती होती तिथेच राहते. पाठवल्यावर चोरून वाचणं, सहकाऱ्याला ‘बरं झालंय ना?’ विचारणं, हेही त्यातलंच. कधी भीती खरी ठरेल, कुणी चूक दाखवेलही. मग ती निस्तरायला किती मिनिटं लागली तेवढं लिहा. तो आकडा शिडीच्या पुढच्या पायरीवर उपयोगी पडतो.

वेग कमी करताना

दिवसाचं वेळापत्रक साठ-सत्तर टक्क्यांच्या वर भरू नका, उरलेलं आपोआप भरतं. दोन कामांच्या मध्ये पाच मिनिटं सोडा. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009मध्ये दाखवल्याप्रमाणे एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. उठण्याआधी ‘पुढचं पाऊल काय’ एवढी एक ओळ लिहिली की तो बराच सुटतो. छातीत धडधड वाढली असेल तर चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. गरगरलं तर श्वास फार खोल घेतला जातोय. उथळ घ्या, किंवा सोडून द्या.

विश्रांतीचंही टार्गेट होऊ शकतं: ध्यानाचे सलग दिवस मोजणं, झोपेचे गुण बघणं. मोजणी बंद करा आणि आपल्याला मुळीच न जमणारा, कुणाला दाखवावा न लागणारा एखादा छंद धरा.

दबाव बाहेरचा असेल तर

ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991मध्ये या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि इतर आपल्याकडून निर्दोषपणा मागतात अशी समजूत. तिसऱ्यावर उपाय म्हणजे थेट विचारणं: ‘यात काय चुकलं तर तुम्हाला चालणार नाही?’ उत्तरात बहुधा एक-दोनच गोष्टी येतात. तीस टक्के झालेलं काम ‘कच्चं’ असं स्पष्ट लिहून दाखवा, म्हणजे उरलेल्या सत्तरची दिशा कळते. वरिष्ठ खरोखरच बारीकसारीक चुकांची शिक्षा देत असतील, तर चूक राहू देण्याचा सराव घरी करा, ऑफिसात नको.

हट्ट दुसऱ्यांबाबत असेल तर काम सोपवताना हवा तो परिणाम सांगा, पद्धत त्यांच्यावर सोडा. झालेलं काम गुपचूप पुन्हा करू नका. समोरच्याला ते कळतंच आणि पुढच्या वेळी तो मन लावत नाही.

दार, गॅस, हात धुणं यांची तपासणी रोज तासभर चालत असेल, खाणं किंवा वजन यांवर कडक ताबा ठेवावासा वाटत असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर ही कृती बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) परफेक्शनच्या हट्टासाठी वेगळी आखलेली उपचारपद्धती आहे. वरच्या शिडीसारखे प्रयोग तिच्यातही असतात, फक्त सोबतीला जाणकार माणूस असतो.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पहिल्यासारखीच तीन दिवस नोंद करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. फक्त तिसऱ्या ढिगातल्या कामांचा वेळ बघा. तो कमी झाला असेल तर शिडीवर पुढे चला. नसेल तर बहुधा ‘काय नसेल’ ही ओळ लिहायची राहते आहे, पुढचा आठवडाभर तेवढीच लिहा.