बेळगावात कराटेच्या जपानी सेन्सेईंचा, म्हणजे गुरूंचा, सेमिनार ठेवायचाय? मग हे आधी वाचा

दिवाळी झाली की निपाणी, खानापूर, चिकोडीकडनं फोन सुरू होतात, "सर, आमच्या क्लासला जपानचे सेन्सेई येणार हाईत, तयारी काय करायची?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी येणारा माणूस कोण आहे ते नीट समजून घ्या. जपान कराटे असोसिएशनने १९५६ ला इन्स्ट्रक्टर कोर्स सुरू केला, आणि मग तिथली माणसं एकेक करून बाहेर पडली. १९६१ ला कानाझावा हवाईला गेले, त्याच वर्षी ओकाझाकी फिलाडेल्फियाला. १९६५ ला कासे, कानाझावा, एनोएडा आणि शिराई हे चौघं डेमो देत देशोदेशी फिरले, त्यातले एनोएडा पुढं लिव्हरपूलला राहून शिकवायला लागले, शिराई मिलानला. परकी भाषा, परकं जेवण, शिकवायला भाड्याचा हॉल, आज या गावात तर पुढच्या आठवड्यात त्या. आज आपल्याकडे येणारे सेन्सेई पण याच वाटेवरचे आहेत, वर्षातले कितीतरी दिवस बॅग भरलेलीच. असल्या माणसाला हार नको असतो हो, वेळेवर सुरू होणारा क्लास आणि घाम गाळणारी पोरं पाहिजे असतात. माझं सगळं सांगणं याच्यावरच आहे: सत्कार कमी, मॅट जास्त.

आता तारीख. पावसाळ्यात नकोच, बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, आणि गोव्याहून आणणार असाल तर चोर्ला घाटात अडकलात की सकाळचं सेशन गेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. जमलं तर विमानानं थेट बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरवा आणि पहिला दिवस मोकळा ठेवा, माणूस वयस्कर असतो, आयुष्यभर किक मारून गुडघे आणि कंबर झिजलेली असतात, ते तोंडानं कधी सांगणार नाहीत. फोन करायचा तर लक्षात ठेवा, जपान आपल्या साडेतीन तास पुढं आहे, इथं क्लास सुटल्यावर रात्री ८ ला लावला तर तिकडे साडेअकरा वाजलेले असतात.

कागदपत्रं हलक्यात घेऊ नका. शिकवायची फी देणार असाल तर कुठला व्हिसा लागतो हे आधीच दूतावासाकडून लेखी घ्या, टॅक्सचं सीएला विचारा. आणि घरी उतरवणार असाल तर परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करावी लागते, हॉटेल असलं तर ते लोक करतात.

हॉल बघताना स्टेज कसं आहे, लायटिंग कसं आहे हे नंतर, आधी फरशी बघा. मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी पोरं घसरतात आणि टाचा दुखवून घेतात. मॅट भाड्यानं आणा. मॅचचा एरिया ८ बाय ८ मीटर, चारी बाजूंनी १ मीटर सेफ्टी धरली तर १० बाय १०, म्हणजे एक मीटरच्या १०० मॅट लागतात. एवढ्या जागेत मावणार नाहीत एवढी पोरं असतील तर बॅच पाडा, खच्चून भरू नका. चपला दाराबाहेर एका ओळीत, आणि प्यायला बाटलीबंद पाणी.

आता सत्काराचं. शाल, श्रीफळ, फेटा, दीपप्रज्वलन, नगरसेवक, प्रमुख पाहुणे, मग प्रत्येकाचे दोन शब्द, असं करत दीड तास जातो आणि पोरं वज्रासनात बसून पाय बधिर करून घेतात. मनापासून विनंती आहे, फेटा जरूर बांधा, त्यांना आवडतो, पण दहा मिनिटांत उरका. भाषणं, फोटो, सेल्फी सगळं शेवटच्या दिवशी संध्याकाळी.

कारण खरी कमाई मॅटवर असते. आमच्याकडे आलेल्या सेन्सेईंनी वडगावच्या एका छोट्या पोराच्या मागच्या पायाशी खाली बसून, हातानं त्याची टाच जमिनीला टेकवली, पंजा थोडा पुढं वळवला आणि मग कंबरेवर बोट ठेवून फक्त "पंच" म्हणाले, आणि तो पंच असा काही बसला की बाजूची पोरं आपापले पाय बघायला लागली. हे कॅमेरा घेऊन मध्ये पळणाऱ्या पालकांमुळं बुडतं, म्हणून पालक भिंतीकडेला.

सेन्सेईंचं बोलणं पोरांना समजावून सांगायला एक चांगला ब्लॅक बेल्टवाला उभा करा, ज्याला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, कारण पोरं दोन्हीकडची असतात. नुसतं इंग्लिश चांगलं असून भागत नाही, टेक्निक कळलं पाहिजे.

एक गोष्ट कडक सांगतो, "सेन्सेई आलेतच तर पोराला ब्लॅक बेल्ट देऊन टाका" असं म्हणणाऱ्या पालकांना आधीच नाही म्हणा. परीक्षा घ्यायची की नाही हे सेन्सेई ठरवणार, आणि नापास केलं तर पोरानं वाकून रेई (नमस्कार) करायची आणि परत सरावाला लागायचं.

जेवणात तांबडा रस्सा आग्रहानं वाढू नका, भात, वरण, दही, फळं पुरे. चहाबरोबर कुंदा द्या थोडा. फी नव्या नोटांत, कोऱ्या पाकिटात, दोन्ही हातांनी द्या, सगळ्यांसमोर मोजून देऊ नका.

ते गेले त्याच रात्री सगळ्या इन्स्ट्रक्टरनी बसून कुणाला काय करेक्शन दिलं ते वहीत लिहून काढा, सोमवारच्या क्लासला तिथनंच सुरू करा, आणि महिन्याभरानं त्याच पोरांचा काताचा (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचा) व्हिडिओ सेन्सेईंना पाठवा.