बाळाचे चालणे : सोबत कशी करावी आणि काय काय पाहावे

बाळ चालायला लागले की घरातल्या मोठ्यांना होणारा आनंद बहुधा पहिल्या पावलापाशी येऊन साठतो, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे कित्येक आठवडे घाईत किंवा काळजीत निघून जातात. वास्तविक चालण्याची तयारी फार आधी सुरू झालेली असते आणि ती डोळ्यांसमोर घडत असते. ती ओळखता आली, तर आईबाबांच्या वाट्याला आनंदही अधिक येतो आणि बाळाला योग्य वेळी योग्य तेवढीच मदत करता येते.

पहिली खूण म्हणजे सोफ्याच्या किंवा पलंगाच्या कडेला धरून बाळ स्वतःला उभे करते. या दिवसांत पुष्कळ बाळांना उभे राहता येते, पण खाली बसता येत नाही, आणि मग ती धरल्या जागी अडकून रडू लागतात. अशा वेळी चटकन उचलून घेण्याऐवजी त्याच्या कमरेला आधार द्यावा, गुडघे हलकेच वाकवून त्याला सावकाश खाली टेकू द्यावे आणि हे पुनःपुन्हा करावे. खाली कसे बसायचे हे कळलेले बाळ अधिक निर्धास्तपणे उभे राहते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर ते धरून धरून बाजूबाजूने सरकू लागते. आता दोन आसनांमध्ये थोडे अंतर ठेवावे आणि ते हळूहळू वाढवत न्यावे. एक हात इकडे, दुसरा हात तिकडे पोहोचत नाही हे लक्षात आल्यावर बाळ क्षणभर थांबते आणि विचार करते, ते पाहण्यासारखे असते. खेळण्याच्या नादात दोन्ही हात सुटले आहेत याचे भान नसताना ते आधाराविना उभे राहते, तेव्हा मात्र आपण ओरडून त्याचे लक्ष विचलित करू नये.

दोन्ही हात वर धरून बाळाला चालवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. थोडा वेळ मौज म्हणून त्यात काही बिघडत नाही, परंतु त्या स्थितीत बाळाचा तोल मोठ्यांच्या हातात राहतो आणि शरीर पुढे झुकते. तोल सावरायला त्याने स्वतः शिकायचे असेल, तर आधार छातीच्या खाली किंवा कमरेशी द्यावा आणि तोही शक्य तितका सैल असावा. ढकलत नेण्याचा पांगुळगाडा द्यायचा असल्यास तो जड असावा, म्हणजे तो पुढे पळत नाही. बाळाला आत बसवून फिरवणारा चाकांचा वॉकर मात्र घरात आणूच नये. त्यामुळे चालणे लवकर येत नाही, उलट जिन्यावरून कोसळण्याचा आणि गरम भांड्यांपर्यंत हात पोहोचण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच प्रकारच्या अपघातांमुळे.

घरात बाळाला अनवाणी चालू द्यावे, कारण तळव्यांना जमीन कळली की बोटांनी पकड घेता येते. बाहेर जाताना मऊ तळाचे, सहज वाकणारे बूट पुरेसे असतात. बाळ चालू लागण्यापूर्वीच जिन्याला फाटक लावावे, उंच कपाटे भिंतीला घट्ट बसवावीत आणि टेबलाच्या कडेवरून लोंबणारे कापड काढून टाकावे.

सुरुवातीची पावले फताडी असतात, हात खांद्यांच्या उंचीवर असतात आणि बाळ वारंवार पडते. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मुक्तपणे खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे आढळले. हा आकडा मला फार धीर देणारा वाटतो, कारण त्यात पडणे हे शिकण्याचाच भाग असल्याचे स्पष्ट दिसते. पडल्यावर बाळ बहुतेक वेळा प्रथम आपल्या चेहऱ्याकडे पाहते. त्या वेळी चेहरा शांत ठेवावा, इजा झाली नसेल तर त्याला स्वतः उठू द्यावे आणि ते उठले की मनापासून हसावे.

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून अस्वस्थ होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील अभ्यासात निरोगी मुलांचे स्वतंत्रपणे चालणे साधारण ८ ते १७.५ महिन्यांच्या दरम्यान सुरू झालेले दिसले, आणि काही मुले तर हातागुडघ्यांवर रांगल्याशिवायच चालू लागली. मूल वेळेआधी जन्मलेले असेल, तर त्याचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे. मात्र १८ महिने पूर्ण होऊनही ते आधाराविना चालत नसेल, एकच हात किंवा एकच पाय वापरत असेल, सतत चवड्यांवरच चालत असेल किंवा आधी येणारी गोष्ट त्याला येईनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे. जाताना बाळाच्या हालचालींचे मोबाइलवर केलेले छोटे चित्रीकरण सोबत न्यावे, कारण दवाखान्यात बाळ कडेवरून उतरायलाच तयार नसते.