स्टेप्सचा आकडा बदलण्याआधी बॅकलॅश मोजा

टेबलाला १० मिमी सरकायला सांगितलं आणि ते ९.८ मिमीच सरकलं, की घरगुती सीएनसी (संगणकाने चालणारं कापायचं यंत्र) बनवणाऱ्याचा हात आधी सेटिंगमधल्या स्टेप्सकडे, म्हणजे १ मिमी सरकायला मोटरने किती पावलं टाकायची त्या आकड्याकडे जातो. जरा थांबा. तो आकडा सरळ गणिताचा आहे: एका फेऱ्यात २०० स्टेप्सची मोटर, प्रत्येक स्टेपचे १६ तुकडे (मायक्रोस्टेप) आणि एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा स्क्रू, म्हणजे २०० × १६ ÷ ८ = ४०० स्टेप्स प्रति मिमी. फेऱ्याला ५ मिमी सरकवणाऱ्या बॉलस्क्रूला (ज्याचा नट गोळ्यांवर चालतो) ६४०. संशय घ्यायचा तो ढिलाईवर, म्हणजेच बॅकलॅशवर: दिशा बदलली की स्क्रू आणि त्यावरच्या नटमधली फट भरेपर्यंत टेबल हलत नाही.

चुंबकी स्टँडवर डायल गेज (बारीक अंतर काट्याने दाखवणारं मापक) लावा. अक्ष एकाच दिशेने थोडा नेऊन ढिलाई संपवा, मग गेज शून्यावर आणा. त्याच दिशेने आणखी १ मिमी पुढे न्या, १ मिमी मागे आणा. काटा शून्याच्या जितका अलीकडे थांबेल तितका बॅकलॅश. फिरता अक्ष असेल तर केंद्रापासून शक्य तितक्या लांब मोजा, तिथे कोनातली चूक मोठी दिसते.

नट बदलण्याआधी कपलिंगचे (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागाचे) स्क्रू आणि टोकाचं बेअरिंग तपासा. फुकटात काम होतं. दिशा बदलताना जादा स्टेप्स देणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या भरपाईवर मात्र माझा फार भरवसा नाही. क्लाइंब मिलिंगमध्ये (कटरचे दात टेबल सरकतं त्याच दिशेने कापतात ती पद्धत) कटर टेबलालाच ओढतो, तेव्हा ती काही कामाची नसते.