कॉम पोर्ट उघडायला मिनिट लागतोय? टाइमआउट वाढवण्याआधी या चुका टाळा

ऊस गाळपाचा हंगाम, काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि स्क्रीनवर नुसतं ‘कनेक्टिंग…’. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी हे पाहिलं. लाइट गेली-आली की दर वेळी हीच गत. ऑपरेटरकडे त्यावर खात्रीचा उपाय होता: वजनाचा इंडिकेटर नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याचा (म्हणजे सीरियल तारेवरचा डेटा नेटवर्कवर नेणाऱ्या कन्व्हर्टरचा) अडॅप्टर उपटायचा, दहा आकडे मोजायचे, परत लावायचा. तोवर सॉफ्टवेअरवाल्याने फोनवरून टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) ५ सेकंदांवरून ३० वर नेऊन ठेवला होता. त्याने एवढंच झालं की आधी जी चूक ५ सेकंदांत कळायची, ती कळायला आता अर्धं मिनिट लागू लागलं.

टाइमआउट वाढवणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि प्रोग्रॅम नेमका किती वेळ अडकतो ते मोजा. आकडा बराच बोलका असतो. विंडोजवर साधारण २१ सेकंद लागत असतील, तर समोरून काहीच उत्तर येत नाहीये. विंडोज जोडणीची विनंती पाठवते, थांबते, दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवत पुन्हा पाठवते आणि शेवटी नाद सोडते. लिनक्स जास्त चिवट आहे, ते मूळ सेटिंगवर दोन मिनिटांहून थोडं जास्त वाट पाहतं. मात्र त्याच नेटवर्कमधला डबा बंदच असेल, तर लिनक्स साधारण ३ सेकंदांतच ‘रस्ता नाही’ म्हणून मोकळं होतं. ५ किंवा १० सेकंद लागत असतील, तर मला डीएनएसचा (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा) संशय येतो: सेटिंगमध्ये आयपीऐवजी नाव टाकलेलं असतं आणि ते नाव शोधण्यातच वेळ जातो. आणि नकार लगेच आला, तर ती चांगली बातमी समजा. डबा जिवंत आहे, फक्त पोर्ट नंबर (डब्यावरच्या सेवेच्या दाराचा क्रमांक) चुकलाय किंवा सेवा बंद आहे.

‘पिंग तर होतंय!’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. पिंग म्हणजे नेटवर्कवरून मारलेली हाक; तिला उत्तर म्हणजे डबा चालू आहे, एवढंच. मधल्या फायरवॉलने (नेटवर्कवरच्या पहारेकऱ्याने) तो टीसीपी पोर्ट (टीसीपी म्हणजे जोडणी करून डेटा पाठवण्याची पद्धत) अडवला असेल, तरी पिंग आरामात चालतं. फायरवॉल सहसा नकारही कळवत नाही, पाकीट गिळून गप्प बसते, म्हणून तेच २१ सेकंद. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पोर्ट नंबरासकट चालवा. मॉडबस टीसीपी (मीटरशी नेटवर्कवरून बोलण्याची भाषा) असेल तर पोर्ट ५०२, मॉक्सा कंपनीच्या एनपोर्ट कन्व्हर्टरवर टीसीपी सर्व्हर मोडमध्ये पहिल्या सीरियल पोर्टसाठी ४००१. एनपोर्टचा रिअल कॉम मोड (यात डबा पीसीला साध्या कॉम पोर्टसारखा, म्हणजे सीरियल तारेच्या तोंडासारखा दिसतो) मात्र ९५० आणि ९६६ पासूनचे पोर्ट वापरतो. फायरवॉलमध्ये फक्त ४००१ उघडून रिअल कॉम का चालत नाही म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत. (एकदा त्यांच्यात मीही होतो.)

आता त्या काट्याकडे. कन्व्हर्टर यूपीएसवर होता आणि पीसीच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट गेली की पीसी धाडकन बंद पडायचा, कुणाला ‘येतो’ न सांगता. टीसीपीमध्ये समोरचा असा गायब झाला, तर दुसऱ्या बाजूला ते आपोआप कळत नाही. डब्याच्या लेखी जुनी जोडणी चालूच. आणि अशा डब्यांमध्ये एका सीरियल पोर्टला बहुतेक वेळा एकाच क्लायंटची परवानगी ठेवलेली असते. पीसी पुन्हा चालू होऊन दार ठोठावतो, आतून उत्तर ‘जागा भरली आहे’. काही डबे निदान तसं कळवतात, काही नुसतेच गप्प राहतात.

यावर औषध कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं), पण ते डब्यावर लावायचं. पीसीवर लावून या दुखण्यात उपयोग नाही, कारण मेलेला तोच आहे. विंडोज आणि लिनक्समध्ये याची मूळ मुदत २ तास असते. डब्यावर ती एक-दोन मिनिटं करा. मग डबा स्वतःच विचारतो, ‘आहेस का?’ नव्याने चालू झालेला पीसी ‘कोण तू? मी ओळखत नाही’ असं उत्तर देतो आणि जुनी जोडणी तिथेच संपते. परवानगी एकाऐवजी दोन क्लायंटना देणं हा सोपा दिसणारा मार्ग आहे, पण दोन प्रोग्रॅम एकाच मीटरला एकदम प्रश्न विचारायला लागले की उत्तरांची खिचडी होते. फक्त ऐकायचं असेल तरच तसं करा.

दुसरी गोष्टही त्याच पीसीवर सापडली. बदललेल्या, भंगारात गेलेल्या कन्व्हर्टरचे चार आभासी कॉम पोर्ट तसेच पडून होते. सॉफ्टवेअर सुरू होताना काटा कुठेय ते शोधायला एकेक पोर्ट उघडून पाहत होतं. चार मेलेले पोर्ट, प्रत्येकी २१ सेकंद, म्हणजे ८४ सेकंद तर निव्वळ भुतांना हाका मारण्यात! डब्याच्या कंपनीच्या युटिलिटीतून जुने पोर्ट काढून टाका आणि प्रोग्रॅममध्ये कॉम नंबर पक्का लिहा.

जोडणी पटकन होते पण डेटा रेंगाळतो, हे दुखणं वेगळं. तिथे नेटवर्कवाल्याला शिव्या देण्याआधी तारेवरचा हिशेब करा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) धरून एका अक्षराचे ११ बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ८७० अक्षरं. मॉडबसमध्ये एका दमात १२५ रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) मागितली तर उत्तर २५५ बाइटचं, ते यायलाच जवळपास ३०० मिलिसेकंद. टाइमआउट २०० ठेवला असेल, तर उत्तर कधीच वेळेत येणार नाही. वर ते उशिरा येऊन पुढच्या प्रश्नाच्या गळ्यात पडेल ते वेगळंच. इथे टाइमआउट वाढवणं रास्त आहे.

उलटही होतं. एका आरएस-४८५ लाइनवर (अनेक मीटर एकाच तारेवर जोडण्याची पद्धत) वीस मीटर, त्यातले दोन बंद, टाइमआउट १ सेकंद आणि तीन फेरप्रयत्न. प्रत्येक बंद मीटरवर ४ सेकंद, म्हणजे दर फेरीत ८ सेकंद वाया, आणि ओरड अशी की ‘सगळेच मीटर स्लो आहेत’. बंद मीटर यादीतून काढा किंवा त्यांना दहा मिनिटांतून एकदाच विचारा.

मध्ये मॉडबस गेटवे (नेटवर्क आणि सीरियल लाइन यांच्यातला दुभाषा) असेल तर दोन घड्याळं चालतात, गेटवेचं आणि पीसीचं. गेटवेची मुदत पीसीपेक्षा कमी हवी. नाहीतर पीसी कंटाळून तोच प्रश्न पुन्हा पाठवतो, गेटवे अजून पहिल्याच्या उत्तराची वाट पाहत असतो, आणि रांग वाढत जाते. मुदती नीट असतील तर गेटवे वेळेत त्रुटी क्रमांक ११ पाठवतो. त्याचा अर्थ, ‘मी विचारलं, मीटर बोलला नाही.’ मग लॅपटॉप मिटवून पेचकस घ्यायचा आणि आरएस-४८५ लाइनच्या ए-बी तारा तपासायच्या. वेगवेगळ्या कंपन्या ही अक्षरं उलटसुलट लिहितात.

काट्यावरच्या डब्याचं कीप-अलाइव्ह १ मिनिटावर आणलं, टाइमआउट परत ५ सेकंदांवर. ऑपरेटर लाइट गेली की अजूनही अडॅप्टर उपटतो. म्हणतो, हात लावल्याशिवाय बरं वाटत नाही.