मुलांना पट्टीने लांबी मोजायला कसे शिकवावे?

पेन्सिलीच्या टोकाशी आलेला आकडा वाचायला मूल चटकन शिकते. त्या आकड्याचा अर्थ कळायला मात्र वेळ लागतो, म्हणून पट्टी जरा उशिराच हातात द्या.

आधी नुसती तुलना करून घ्या. दोन पेन्सिली शेजारी ठेवा, कोणती लांब ते विचारा. मग एक थोडी पुढे सरकवून पुन्हा विचारा. दोन्हींची सुरुवात एका रेषेत हवी, हे मुलाच्या इथेच लक्षात येते.

मग सारख्या आकाराचे ठोकळे घ्या. वही किती ठोकळे लांब आहे? मुलाने मध्ये फटी सोडल्या तर लगेच टोकू नका. त्याच वहीवर तुम्ही फट न ठेवता ठोकळे लावा आणि उत्तर वेगळे का आले, ते त्यालाच शोधू द्या. टेबल तुमच्या वितीने आणि त्याच्या वितीने मोजून पाहा. सगळ्यांचे माप एकच का हवे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता पट्टी घरीच बनवा. ही पायरी अजिबात गाळू नका. जाड कागदाच्या लांब तुकड्यावर १ सेंटीमीटरची १० घरे आखून ती आलटून पालटून दोन रंगांत रंगवा. आकडे अजून लिहायचे नाहीत. काही दिवस मुलाला घरे मोजूनच लांबी सांगू द्या. नंतर प्रत्येक घर जिथे संपते तिथे आकडा लिहायला सांगा: पहिले घर संपले की १, दुसरे संपले की २. मग सुरुवातीच्या रेघेवर काय लिहायचे? शून्य.

विकतच्या पट्टीवर बहुधा शून्याची रेघ काठापासून किंचित आत असते. मुले काठापासून किंवा १ पासून मोजू लागतात, तेव्हा आधी शून्यावर बोट ठेवायला लावा. इंचांची बाजू सध्या कागद चिकटवून झाका. आकडा वाचताना डोळा बरोबर वर हवा; तिरके पाहिले की उत्तर चुकते.

समजले की नाही, हे पाहायची माझी आवडती युक्ती अशी: खडू ३ वर सुरू होऊन ८ वर संपेल असा ठेवा. मूल ८ म्हणाले, तर ते नुसता आकडा वाचते आहे. ६ म्हणाले, तर रेघा मोजते आहे. अशा वेळी पुन्हा रंगीत पट्टी काढा. ५ म्हणाले, तर त्याला घरे दिसू लागली आहेत.

मिलिमीटरची घाई नको. ‘७ पेक्षा जास्त, ८ च्या जवळ’ एवढे उत्तर पुरे. प्रत्येक वेळी आधी अंदाज सांगायला लावा, मग मोजू द्या. वस्तू पट्टीपेक्षा लांब असेल, तर पट्टीची शेवटची रेघ येते तिथे खूण करून शून्य त्या खुणेवर ठेवायचे आणि दोन्ही मापांची बेरीज करायची.